जाहिरातीची तक्रार करून काही होतं का?

एखादी जाहिरात डोक्यात गेली की आपण सहसा तीन गोष्टी करतो. चॅनल बदलतो. घरच्यांसमोर दोन शब्द तोंडसुख घेतो. आणि फारच झालं तर तीच जाहिरात ‘बघा काय चाललंय’ म्हणून व्हॉट्सॲपच्या चार ग्रुपांवर टाकतो. या तिसऱ्या गोष्टीने जाहिरातदाराला आयती प्रसिद्धी मिळते, तीही पदरचा पैसा न घालता. रीतसर तक्रार मात्र कुणी करत नाही. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘तक्रार करून काही होतं का?’

होतं. भारतात जाहिराती बंद पडल्या आहेत, नियम बदलले आहेत, पंचेचाळीस वर्षं चाललेलं नाव कंपनीला टाकून द्यावं लागलं आहे. पण तक्रार नेमकी कशाबद्दल आहे हे ज्यांना आधी ठरवता आलं, त्यांनाच हे जमलं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. तक्रारी तीन, रागाचा सूर एकच

‘जाहिरात वाईट आहे’ असं आपण म्हणतो तेव्हा तीन निरनिराळे आरोप एकमेकांत मिसळलेले असतात.

पहिला आरोप अश्लीलतेचा. 1995 मध्ये टफ बुटांच्या जाहिरातीत मिलिंद सोमण आणि मधु सप्रे बुटांखेरीज अंगावर काहीही न घालता उभे होते आणि सोबतीला एक अजगर होता. मुंबईत गुन्हा दाखल झाला, खटला चौदा वर्षं रेंगाळला आणि 2009 मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या चित्रात बाईला पुरुषापेक्षा कमी लेखलं होतं का? मला तरी तसं दिसत नाही. दोघंही सारखेच उघडे होते आणि अजगर कुणाच्याच बाजूचा नव्हता.

दुसरा आरोप खोटेपणाचा. 2013 मध्ये दिल्लीतल्या एका ग्राहकाने ‘फेअर अँड हँडसम’ची 79 रुपयांची ट्यूब घेतली, सांगितल्याप्रमाणे लावली आणि गोरा न झाल्यामुळे तो ग्राहक मंचात गेला. प्रकरण वरखाली फिरून परत आलं आणि डिसेंबर 2024 मध्ये मंचाने इमामी कंपनीला साडेचौदा लाख रुपयांचा दंड केला. बातमी वाचून पुष्कळांना वाटलं की गोरेपणाच्या वेडाला चपराक बसली. तसं काही नव्हतं. निकाल दिशाभुलीबद्दल होता. क्रीम लावून तो गृहस्थ खरोखर गोरा झाला असता, तर त्याची तक्रार उभीच राहिली नसती.

या लेखाचा विषय आहे तिसरा आरोप. जाहिरात एखाद्याला त्याच्या रंगावरून, वंशावरून किंवा केवळ बाई म्हणून कमी ठरवते. अशा जाहिरातीत सगळी माणसं अंगभर कपड्यांत असू शकतात. उत्पादनही सांगितलं ते चोख करत असेल. तरीही आरोप कायम राहतो.

हे तीन वेगळे ठेवणं अवघड जातं, कारण कायद्यानेच त्यांची खिचडी केली आहे. महिलांच्या असभ्य प्रदर्शनाला मनाई करणारा 1986 चा कायदा एकाच व्याख्येत स्त्रीची मानहानी आणि सार्वजनिक नीतिमत्तेला धक्का हे दोन्ही विषय घेतो. पैकी नीतिमत्ता मोजायला सोपी: स्कर्ट किती वर गेला, गळा किती खाली आला. मानहानी डोळ्यांना चटकन दिसत नाही. म्हणून डोक्यावर पदर घेतलेली, नवऱ्याच्या शर्टाच्या कॉलरचा मळ निघाला नाही म्हणून सासूसमोर रडवेली होणारी बाई वर्षानुवर्षं पडद्यावर नांदली आणि कुणाला तिच्यात काही असभ्य दिसलं नाही.

२. ‘आधी’ आणि ‘नंतर’

रंगभेदाच्या जाहिरातीचा साचा फार जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये पिअर्स साबणाच्या जाहिरातीत एक काळा मुलगा टबात बसलेला दिसे आणि अंघोळीनंतर त्याचं अंग गोरं झालेलं दाखवत. साबण मळ काढतो हे सांगण्यासाठी त्या मुलाचा रंगच मळ ठरवला होता. 1917 मध्ये पिअर्स कंपनी लिव्हर ब्रदर्सने घेतली. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, 2017 मध्ये, त्याच लिव्हरची वारस असलेल्या युनिलिव्हरच्या डव्ह बॉडी वॉशची एक छोटी चित्रफीत आली. कृष्णवर्णीय तरुणी अंगातला टीशर्ट काढते आणि आतून गोरी तरुणी निघते. जगभरातून शिव्या पडल्या, कंपनीने माफी मागितली. कुणी कपाटातून जुनं चित्र काढून मुद्दाम नक्कल केली असेल, असं मला वाटत नाही. साचा इतका मुरलेला असतो की तो हाताने आपोआप गिरवला जातो.

आपल्याकडे हा साचा 1975 पासून ‘फेअर अँड लव्हली’ने वापरला. ही क्रीम तेव्हाच्या हिंदुस्थान लिव्हरची, म्हणजे मुंबईच्याच कंपनीची. तिच्यातला मुख्य घटक नियासिनामाइड, ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार. त्वचेच्या खालच्या थरात रंगद्रव्य तयार होतं आणि तिथून वरच्या पेशींकडे सरकतं. नियासिनामाइड हे सरकणं थोडं मंदावतं. वापर थांबला की काही काळाने गाडी मूळ जागी. एवढीच हकीकत सांगून ट्यूब खपत नाही. म्हणून जाहिरातीत नोकरी आली, नवरा आला, बापाच्या डोळ्यांतलं पाणी आलं. ‘आधी’ची मुलगी सावळी आणि खिन्न, ‘नंतर’ची उजळ आणि यशस्वी. मध्ये फक्त ट्यूब.

यावर कंपन्यांचा बचाव असा की ही आवड आम्ही निर्माण केलेली नाही, समाजात ती आहेच. हे निखालस खोटं नाही. ‘गोरी, सडपातळ, गृहकृत्यदक्ष’ हवी असलेल्या वधूवरांच्या छोट्या जाहिराती मराठी वर्तमानपत्रांत ही क्रीम यायच्या आधीही होत्या आणि त्या कुठल्या कंपनीने लिहिल्या नव्हत्या. पण कंपनी समाजाकडे बोट दाखवते, समाज कंपनीकडे, आणि या दोघांपैकी एकाकडेच तीच गोष्ट रोज रात्री देशभर सांगण्याइतका पैसा आहे.

३. ‘मुलगा असता तर’

आता ती जाहिरात जवळून पाहू, जिच्यामुळे या लढ्याला भारतात वळण मिळालं. धंद्यातले लोक तिला हवाई सुंदरीची जाहिरात म्हणून ओळखत. घरची ओढाताण. निवृत्त बाप उसासा टाकतो: मुलगा असता तर! सावळी मुलगी हे ऐकते. ती क्रीम लावते, उजळते, आखूड गणवेशातली हवाई सुंदरी होते, पैसे कमावते, बाप खूश.

अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने, म्हणजे डाव्या विचारांच्या देशव्यापी महिला संघटनेने, 2002 मध्ये या आणि अशाच दुसऱ्या जाहिरातीविरुद्ध मोहीम काढली. बृंदा करात तेव्हा संघटनेच्या सरचिटणीस होत्या. संघटनेने आरोप तीनच ठेवले आणि नेमके ठेवले. एक, जाहिरात वर्णभेदी आहे. दोन, मुलगाच हवा ही वृत्ती ती जोपासते. तीन, नोकरी करणाऱ्या बाईचा ती अपमान करते, कारण मुलीला काम येतं म्हणून नोकरी मिळाली असं ती सांगतच नाही.

या तिन्हींत स्कर्टची उंची नाही, संस्कृती नाही, क्रीम चालते की नाही हाही मुद्दा नाही. ‘क्रीम बंद करा’ अशी मागणी असती तर ‘लोकांना हवी आहे, आम्ही विकतो’ हे उत्तर तयारच होतं. तीस सेकंदांची एक गोष्ट समोर ठेवून ‘ही काय सांगते ते बघा’ म्हटल्यावर त्या उत्तराचा उपयोग उरला नाही.

आधी तक्रार कंपनीकडे गेली. तिथे दाद लागली नाही, म्हणून राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे. प्रकरण पुढे माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडे गेलं. मंत्रालयाच्या हाती 1995 चा केबल टीव्ही कायदा आणि त्याचे नियम होते. त्या नियमांतल्या जाहिरात संहितेत वंश, जात, वर्ण, पंथ किंवा राष्ट्रीयत्व यांची हेटाळणी करणारी जाहिरात दाखवू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. कलम आधीपासून होतं. क्रीमच्या जाहिरातीला ते लावून बघण्याचं कुणाच्या मनात आलं नव्हतं, इतकंच. वाहिन्यांना नोटिसा गेल्या आणि 2003 मध्ये दोन जाहिराती पडद्यावरून उतरल्या.

त्याच वर्षी मार्चमध्ये कंपनीने महिलांच्या आर्थिक सबलीकरणासाठी ‘फेअर अँड लव्हली फाउंडेशन’ काढलं. मुलींना शिष्यवृत्ती, आणि शिष्यवृत्तीवर नाव गोरेपणाच्या क्रीमचं. क्रीमचा खप चालूच राहिला. 2005 मध्ये इमामीने पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आणली आणि पुढे शाहरुख खान तिच्या जाहिरातीत आला. तेव्हा 2003 चा विजय खरा होता, पण तो दोन जाहिरातींपुरता होता.

४. ऐकून कोण घेतं?

दोन जाहिरातींसाठी आयोग आणि मंत्रालय गाठावं लागणं हा काही मार्ग झाला नाही. रोजच्या तक्रारीसाठी ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया ही मुंबईची संस्था आहे, व्यवहारात ‘ॲस्की’. 1985 मध्ये जाहिरातदार, जाहिरात एजन्सी आणि माध्यमं यांनीच ती काढली. म्हणजे धंद्याने स्वतःवर नेमलेला पहारेकरी. तिची तक्रार समिती आहे, तिच्यात धंद्यातली आणि बाहेरची अशी दोन्ही माणसं बसतात. सामान्य ग्राहकाला तक्रारीसाठी पैसे पडत नाहीत.

तिचा अधिकार किती, हे गृहनिर्माण सोसायटीत राहणाऱ्याला लगेच कळेल. कमिटी नोटीस काढू शकते, नाव फलकावर लावू शकते, पण पोलिसांचं काम तिला करता येत नाही. ॲस्कीही दंड करू शकत नाही. मात्र टीव्हीपुरतं तिच्या शब्दाला वजन आहे, कारण ॲस्कीच्या संहितेत न बसणारी जाहिरात केबलवर दाखवू नये असं केबलच्या नियमांत 2006 मध्ये घातलं गेलं. होर्डिंग, छापील जाहिरात, मोबाइल यांना तो नियम लागू नाही.

मग 2020 मध्ये स्थापन झालेलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण आहे. ते दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तीच चूक केली तर पन्नास लाखांपर्यंत दंड करू शकतं. पण त्याचा विषय दिशाभूल, म्हणजे आपल्या यादीतला दुसरा आरोप. रंगावरून हिणवलं, ही तक्रार तिथे नेली तर दार चुकल्यासारखं होतं.

सगळी दारं एकदम उघडली तर काय होतं, ते जून 2022 मध्ये दिसलं. लेयर शॉट नावाच्या बॉडी स्प्रेच्या जाहिरातीत दुकानात एकटी तरुणी, मागे चार तरुण, आणि ‘आपण चार, ही एक, शॉट कोण घेणार?’ अशा अर्थाचा संवाद. तरुणी घाबरते, मग कळतं की बोलणं शेवटच्या बाटलीबद्दल चाललं होतं. सामूहिक बलात्काराच्या भीतीवर बेतलेला विनोद क्रिकेट सामन्याच्या मध्ये दाखवला गेला. समाजमाध्यमांवर भडका उडाला, ॲस्कीने चौकशी होईपर्यंत जाहिरात स्थगित केली, दिल्ली महिला आयोग उठला, मंत्रालयाने 4 जूनला ट्विटर आणि यूट्यूबवरून ती काढायला सांगितली. दोन दिवसांनी कंपनीची माफी. जनवादीच्या मोहिमेला वर्षाच्या आसपास लागलं, इथे आठवडाही लागला नाही. अर्थात किळस येणारी जाहिरात पाडणं सोपं असतं. गोड गाणं, हसरं कुटुंब आणि कोपऱ्यात खिन्न सावळी बहीण, हिच्याविरुद्ध भडका उडत नाही.

५. चार नियम

त्या सावळ्या बहिणीचा प्रश्न चेन्नईच्या ‘विमेन ऑफ वर्थ’ या संस्थेने हाती घेतला. कविता इमॅन्युएल यांच्या या संस्थेने 2009 मध्ये ‘डार्क इज ब्युटिफुल’ ही मोहीम सुरू केली. पुढे अभिनेत्री नंदिता दास तिचा चेहरा झाल्या आणि 2013 मध्ये मोहिमेने ‘फेअर अँड हँडसम’ची शाहरुख खानची जाहिरात मागे घेण्यासाठी सह्या गोळा केल्या. ती जाहिरात लगेच उतरली नाही. पण 2014 मध्ये ॲस्कीने त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठी स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वं आणली. थोडक्यात ती अशी:

रंगावरून भेदभाव सुचवायचा नाही. सावळी माणसं अनाकर्षक, दुःखी, किंवा नोकरी, लग्न, बढती यांत मागे पडलेली दाखवायची नाहीत. त्यातही ‘आधी’च्या दृश्यात मॉडेलच्या चेहऱ्यावरचा भाव पडेल नसावा, याची खास काळजी घ्यायची. रंगाचा जात, धर्म, पेशा किंवा आर्थिक स्तराशी संबंध जोडायचा नाही. आणि रंगाच्या निमित्ताने स्त्री-पुरुष भेद वाढवायचा नाही.

चेहऱ्यावरच्या भावाबद्दलचं ते वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते लिहिणाऱ्याने जाहिरात नीट पाहिली होती. या जाहिरातींची सगळी मेख त्या पहिल्या पाच सेकंदांतल्या उतरलेल्या चेहऱ्यात असते.

६. नाव गेलं

मे 2020 मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला आणि वर्णद्वेषाविरुद्धचा संताप बाजारपेठेपर्यंत पोचला. कंपन्या पाठिंब्याची पत्रकं काढू लागल्या, तेव्हा लोकांनी विचारलं, मग आशियात गोरेपणाच्या ट्यूबा कशा विकता? जॉन्सन अँड जॉन्सनने अशी काही उत्पादनं बंद केली. शादी डॉट कॉमवर त्वचेच्या रंगावरून स्थळं गाळण्याची सोय होती. उत्तर अमेरिकेतल्या भारतीय मुलींनी आवाज उठवून सह्या जमवल्या आणि ती सोय गेली. कंपनीचं म्हणणं असं की ते बटण कामच करत नव्हतं, नजरचुकीने राहून गेलं होतं.

25 जूनला हिंदुस्थान युनिलिव्हरने नावातला ‘फेअर’ काढणार असल्याचं जाहीर केलं आणि आठवड्याभरात ‘ग्लो अँड लव्हली’ हे नाव सांगितलं. पुरुषांच्या क्रीमला ‘ग्लो अँड हँडसम’. त्यावर इमामी कोर्टात गेली, ‘हँडसम’ आमचं म्हणून. एप्रिल 2024 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने युनिलिव्हरला ते नाव वापरायला मनाई केली. वर्णभेदाविरुद्धच्या जगभरच्या आंदोलनातून निघालेला हा धागा शेवटी ट्रेडमार्कच्या भांडणात जाऊन अडकला, हे धंद्याच्या रीतीला धरूनच झालं.

नाव बदलल्याने काही झालं नाही असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. किराणा दुकानात जाऊन ‘गोरं होण्याची क्रीम द्या’ असा अर्थ होणारं नाव पंचेचाळीस वर्षं पोरीबाळींच्या तोंडी होतं; ते गेलं हे बरंच झालं. तोटा एवढाच की आता तक्रार करणाऱ्याचं काम वाढलं. ‘गोरा’ हा शब्दच जाहिरातीत नसतो. चमक, तेज, निखार, आत्मविश्वास असतो. गोष्ट पूर्वीचीच असली तर ती आता शब्द सोडून चित्रावरून दाखवून द्यावी लागते.

७. एक तक्रार लिहून बघू

एक काल्पनिक जाहिरात घेऊ. बँकेतल्या मुलाखतीसाठी तिघी बाकावर बसल्या आहेत. सावळी मुलगी फाइल छातीशी धरून जमिनीकडे बघते. उजळ मुलगी हसत आत जाते आणि हसत बाहेर येते. पुढे सावळी घरी फेसवॉश लावते. पुढच्या मुलाखतीत तिचा चेहरा दोन छटा उजळ, साहेब उठून हात मिळवतात. शेवटी शब्द: ‘चमक आत्मविश्वासाची’.

पहिला मसुदा: ‘अत्यंत घाणेरडी जाहिरात. स्त्रीजातीचा आणि भारतीय संस्कृतीचा अपमान. ताबडतोब बंद करा.’ यात राग आहे, पण समितीने तपासायचं काय?

दुसरा मसुदा: ‘अमुक तारखेला रात्री साडेआठच्या सुमारास अमुक वाहिनीवर पाहिली. सुरुवातीला सावळ्या उमेदवाराचा चेहरा उतरलेला आहे, तिच्याशेजारी उजळ उमेदवार हसते आहे. शेवटच्या दृश्यात तीच उमेदवार उजळ दिसते आणि निवडली जाते. मधल्या काळात तिने अभ्यास किंवा तयारी केल्याचं दाखवलेलं नाही. सावळी व्यक्ती नोकरीत मागे पडते असं यातून सूचित होतं. त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठीच्या 2014 च्या मार्गदर्शक तत्त्वांचा हा भंग आहे.’

कंपनी काय म्हणेल? ‘आम्ही रंग उजळलेला नाही, स्वच्छ त्वचा दाखवली आहे, फरक प्रकाशयोजनेचा आहे. आणि आमचं उत्पादन उजळवण्यासाठी नाहीच.’ हे उत्तर येणार हे धरून तक्रारीत आणखी दोन वाक्यं घालावीत. दोन्ही दृश्यांत मुलीमागची भिंत पाहा. भिंतीचा रंग तोच आहे, मुलीचा बदलला आहे. प्रकाश वाढवला असता तर भिंतही उजळली असती. तिचे हात पाहा. हातांना तर फेसवॉश लावलेला नाही, तरी तेही उजळले आहेत. म्हणजे दाखवायचा होता तो स्वच्छ चेहरा नव्हे, गोरी मुलगी.

असं लिहायचं तर जाहिरात तीन-चार वेळा थांबवून पाहावी लागते. ज्यांनी ती बनवली त्यांनी ती शेकडो वेळा पाहिलेली असते, तेव्हा आपली बरोबरी तरीही होत नाही.

उत्तर तीन प्रकारचं येऊ शकतं. तक्रार मान्य, आणि जाहिरात बदलायला किंवा मागे घ्यायला सांगितलं. तक्रार अमान्य. किंवा नोटीस मिळताच जाहिरातदाराने स्वतःहून बदल केला आणि प्रकरण मिटलं. या तिसऱ्या वेळी मूळ जाहिरात कुठेच सापडत नाही आणि ‘आम्ही असं दाखवलंच नव्हतं’ म्हणायला वाव राहतो. तेव्हा तक्रार पाठवण्याआधी चित्रफीत उतरवून ठेवावी, तारीख आणि वेळ घालून.